शीतलनं लिहिणं का सोडलं

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. ना भावाला, ना कंपनीतल्या दोस्तांना. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? शिरूर-दौंड भागात विज्ञानाचे लेख ज्यांच्या फोनवर येतात, त्यांतले बरेच जण मला ‘सर’ म्हणतात. सर! मी कुणाचा सर नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मूळचा निमोण्याचा, आता शिरूरमध्ये राहतो.

लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद होती, तेव्हा मी फेसबुकवर एक ग्रुप काढला. विज्ञान, तंत्रज्ञान, समाज, कुठं काही चांगलं छापून आलं की त्याची लिंक टाकायची आणि वर आपल्या दोन ओळी. बॅटरीवरच्या गाड्या, कृष्णविवरं, शेतातली ओल मोजणारी यंत्रं, मुलांचं मोबाइलवेड. लोक येत गेले. भांडगावात एका लग्नात कुणा अनोळखी माणसानं माझा हात धरला आणि विचारलं, “ते लेखवाले सर तुमीच व्हय?” त्या लग्नातली नवरी कोण होती हे मला आठवत नाही. ते वाक्य आठवतं.

आधी छोटी गोष्ट कबूल करतो. मी ते लेख वाचत नव्हतो. मथळा वाचायचा, फोटो बघायचा आणि ‘विचार करायला लावणारा लेख’ असं लिहून मोकळं व्हायचं. कुणाला विचार करायला लावणारा? मला तर नाही. खाली अंगठ्यांची रांग लागायची, आणि ते अंगठेवालेही वाचत नव्हते. न वाचणाऱ्यांनी न वाचणाऱ्याला शहाणं ठरवलं होतं. आज त्याचा संताप येतो. तेव्हा मात्र छाती फुगायची.

शीतल वाचायची. शीतल म्हणजे माझी बायको. माहेर खुटबावचं. दौंडला कॉलेज केलं, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली. पुढं शिकायचं होतं, पण तेवढ्यात आमचं लग्न ठरलं. मुलगी शाळेत गेली की दुपारी ती लेख उघडायची, शेवटपर्यंत वाचायची आणि खाली चार ओळी लिहायची. साध्या, सरळ. जे कळलं ते, आणि जे कळलं नाही तेही. सुरुवातीला मला बरं वाटायचं. माझा ग्रुप, माझी बायको—शोभून दिसायचं.

मग एकदा मी एक लेख टाकला. मथळा होता, आता यंत्रंच आजार ओळखणार. वर मी ठोकून दिलं, ‘डॉक्टरांचे दिवस भरले!’ शीतलनं खाली लिहिलं की लेखात असं कुठंच म्हटलेलं नाही. यंत्र एक्स-रे बघायला मदत करतं, ठरवायचं डॉक्टरनंच, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. बस, एवढंच. भांडण नाही, टोमणा नाही. पण त्या दिवशी लोकांनी माझी पोस्ट सोडली आणि तिच्या ओळी उचलून धरल्या. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एकजण म्हणाला, “सर, वैनी तुमच्यापेक्षा भारी लिवत्यात. द्या की ग्रुप त्यांच्या ताब्यात.” सगळे हसले. मीही हसलो.

ताट मात्र अर्ध्यावर सारून उठलो. का? तिनं माझं काय काढून घेतलं होतं? काहीच नाही. ती बरोबर होती—आणि तेच मला सहन होत नव्हतं.

आता सांगतो. किती वेळ फिरवू?

त्याच आठवड्यात मी दुसरं खातं उघडलं. नाव दिलं समीर देव. फोटो कुठल्याशा डोंगराचा. माहितीत लिहिलं, संशोधक, पुणे. असा माणूस जगात आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्या फोनमध्ये मात्र तो जन्मला आणि पहिल्याच दिवशी माझ्या बायकोवर धावून गेला. ‘ताई, बी.एस्सी. केल्यानं कुणी शास्त्रज्ञ होत नाही. नवऱ्याच्या ग्रुपवर मिरवण्यापेक्षा ज्यांना कळतं त्यांना बोलू द्या.’ हे मी लिहिलं. आमच्याच घरात, सोफ्यावर बसून. ती आत मुलीची वेणी घालत होती.

आणि लोक? काल ‘वैनी भारी’ म्हणणारे आज संशोधकाच्या मागं उभे राहिले. ‘बरोबर आहे सर.’ ‘बायकांनी रेसिपी टाकावी.’ एका शब्दानं कुणी आडवं आलं नाही. त्यांची चीड येते, पण दार मीच उघडून दिलं होतं ना?

शीतल फोन घेऊन माझ्याकडं आली. चेहरा उतरलेला. “अहो, हे बघा काय लिवलंय. ह्याला काढा की ग्रुपमधनं. मी काय वाईट बोलले होते का?”

मी काय केलं असेल? चष्मा पुसला. आणि तिला व्याख्यान दिलं! म्हणालो, “असं कुणालाबी काढता येत न्हाई. विज्ञानात टीका सहन करायला शिकलं पाहिजे. तो संशोधक हाय, कायतरी विचार करूनच बोलला असंल.” ती ऐकत राहिली. मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता हो!

पुढचे काही आठवडे ती लिहायची आणि समीर देव तिला झोडपायचा. तिचं व्याकरण, तिचं गावाकडचं मराठी, तिचं अर्धवट शिक्षण. ते अर्धवट कुणामुळं राहिलं, हे त्या हरामखोराला पक्कं माहीत होतं. शेवटी एका दुपारी तिनं लिहिलं, ‘देव सर, माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा. यापुढं मी लिहिणार नाही.’ आणि ग्रुप सोडला. मी कंपनीत होतो. मशिनपाशी उभं राहून ते वाचलं. वाईट वाटलं का? खरं सांगतो, हलकं वाटलं.

इथंच थांबलं असतं तरी पुरे होतं. थांबलं नाही. खुटबावच्या शाळेत विज्ञान शिकवायला कुणी मिळत नव्हतं. मुख्याध्यापकांनी माझ्या सासऱ्यांना, आबांना, विचारलं. आबा मोठ्या आनंदानं शिरूरला आले. “पोरी, तासावर शिकवायचंय. आठवड्यातनं दोनच दिवस. जमवू कसंबी.” शीतल खाली बघून म्हणाली, “नगं आबा. मला कुठं येतंय? ज्याला येतं त्यानं शिकवावं.” आबा माझ्याकडं वळले. “जावईबापू, तुमी तरी सांगा तिला.”

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. एक! पण मी म्हणालो, “तिची इच्छा नसंल तर कशाला जबरदस्ती करायची, आबा?” म्हातारा चहा तसाच ठेवून उठला. शीतलनं मात्र माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला मोठ्या संकटातनं सोडवलं. तिचे ते उपकार मानणारे डोळे आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी मारत नाही. तेवढंही करत नाही.

ग्रुप चालू आहे. समीर देवचं खातंही आहे. मी ते बंद केलं नाही. माझ्या पोस्टला कुणी विचारलं नाही की तो येतो आणि ‘उत्तम लेख, सर’ लिहून जातो.

गेल्या रविवारी मुलीनं स्वयंपाकघरात विचारलं, “मम्मी, चंद्र रोज कमी-जास्त का दिसतो?” शीतल भाकरी थापत होती. म्हणाली, “पप्पांना विचार. मला न्हाई येत.” मी तिथंच होतो. विचार न करता सांगून टाकलं, “पृथ्वीची सावली पडते त्याच्यावर.”

शीतलचे हात पिठात थांबले. क्षणभर तिनं मान वर केली, काहीतरी ओठांवर आलं. मग तिनं ते गिळलं आणि भाकरी तव्यावर टाकली. मी चुकीचं सांगितलंय हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिला माहीत होतं. आपल्या पोरीला चुकीचं शिकवलं जातंय हे दिसत असूनही ती बोलली नाही. बोलायची तिची हिंमत उरली नव्हती.

मुलगी पाठ करत बाहेर गेली, पृथ्वीची सावली, पृथ्वीची सावली. मी तिला परत बोलावलं नाही.