वामनभाऊंकडे लाइन जायची तेव्हा

लताचा फोन आला तेव्हा मी केशोरीच्या उपकेंद्रात बाळांना लस टोचत होते. "वामनभाऊ गेले," एवढंच म्हणाली. रांगेत अजून चार बाळं होती, त्यांच्या आया लांबून चालत आलेल्या. ती चार उरकली, हात धुतले आणि मग मागच्या ओट्यावर बसून रडले. दुपारी जेवून ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि खुर्चीतच गेले, असं नंतर कळलं. समोर कुणाच्या तरी लग्नाचं एडिटिंग चालू होतं. हळद झाली होती, वरात राहिली होती...

तिरोड्यात वामनभाऊंना सगळे शूटिंगवाला म्हणूनच ओळखत. लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीभोवती गुलाबाच्या पाकळ्या उडवाव्यात आणि शेवटी दोन हंस पोहत आणावेत तर त्यांनीच. पण महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ते दुकानाचं शटर अर्धं ओढत, आतल्या खोलीत पांढरी चादर ताणत आणि लग्नातलाच प्रोजेक्टर लावून आम्हाला सिनेमे दाखवत. टॉकीजमध्ये कधी न लागणारे, कुठल्या कुठल्या देशांतले, थोडक्या पैशांत बनवलेले सिनेमे. पुरुषावर जीव लावणाऱ्या पुरुषांचे, बाईवर जीव लावणाऱ्या बायांचे, मुलगा म्हणून जन्मून पुढे बाई झालेल्यांचे. बनवणाऱ्यांना ते मोडक्या इंग्रजीत लिहीत की माझं गाव लहान आहे, बघणारे सातच आहेत; आणि गंमत म्हणजे लोक खरंच पाठवत. खालची इंग्रजी पट्टी आम्हाला झेपत नसे, म्हणून ते शेजारी बसून आमच्या बोलीत सांगत. एका सिनेमात बेटावरच्या म्हाताऱ्या शिंप्याच्या मित्राला भाऊबंद घराबाहेर काढायला आले होते. शिंपी तावातावाने काहीतरी बोलला, तेव्हा वामनभाऊ शांतपणे म्हणाले, "तो म्हणते, चाळीस वर्सं याच्या हातचा भात खाल्लो, आता तुमाले कायले इचारू?" तो देश मला आजही नकाशात सापडणार नाही. शिंपी मात्र आमच्या गल्लीतलाच वाटला होता.

एकच खोट होती. वामनभाऊंकडे लाइन फार जायची, आणि जायची ती नेमकी शेवटच्या दहा मिनिटांत. मग अंधारात उरलेली गोष्ट ते तोंडी सांगत. आम्ही त्यांच्या मीटरला नावं ठेवायचो आणि ते मुकाट ऐकून घ्यायचे.

मी तिथं पोचले ती माझ्याच लग्नामुळे. गोंदियाचा मुलगा ठरला होता, चांगला होता, त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. लग्नाआधीच्या शूटिंगची फॅशन नुकती आली होती, म्हणून आम्ही बोदलकसाच्या धरणावर गेलो. लता, माझी नर्सिंगच्या होस्टेलमधली मैत्रीण, माझ्या चपला आणि छत्री सांभाळायला सोबत. होस्टेलपासून आमचं जे होतं त्याला आम्ही दोघींनी कधी नाव दिलं नव्हतं. वामनभाऊ कॅमेऱ्यामागून काहीबाही सूचना देत होते आणि मी हसू आणायच्या नादात होते. सामान आवरताना ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, रविवारी दुपारी दुकानात ये. मैत्रिणीलेही आन."

"फोटो दाखवता का?"

"नाही. पिक्चर."

तो सिनेमा कुठल्यातरी थंड देशातला होता. मोठं तळं, काठावर मासळी वाळवणाऱ्या दोन बाया. काम संपलं की त्या एकमेकींचे ओले हात पुसून देत. बाकी फारसं काही दाखवलंच नव्हतं. एकीचं लग्न ठरतं. आदल्या पहाटे दोघी तळ्यावर येतात, नावेचा दोर सोडतात... आणि लाइन गेली.

अंधारात लताने विचारलं, "मंग का होते?"

"का होते म्हंजे?" वामनभाऊ म्हणाले. "दोघी नावेत बसल्या. पलीकडं गेल्या. मासोळीचं दुकान टाकल्या. आता म्हाताऱ्या झाल्या, भांडून राहिल्या."

दोन दिवसांनी मी बाबांना सांगितलं की हे लग्न करणार नाही, आणि का ते पण सांगितलं. बाबा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. आई एकदाच आली, लाखोळीच्या डाळीची पिशवी दारात ठेवून पाणीही न पिता परत गेली. केशोरीत आम्ही खोली केली. त्या दोन वर्षांत मनातून ढासळले की मी त्या मासोळीच्या दुकानाचा विचार करायची. कुठंतरी दोघी जमवून राहिल्यात, म्हाताऱ्या झाल्यात, भांडतायत. मग आपल्यालाही जमेल.

सहा वर्षांनी तो सिनेमा मला मोबाइलवर सापडला. नाव पाण्यात जातच नाही. एकजण दोर पुन्हा खुंटीला बांधते आणि लग्नाला निघून जाते. दुसरी काठावर उभी राहते, आणि संपतं. माझं डोकं फिरलं. तशीच तिरोड्याची बस धरली. वामनभाऊ जेवत होते.

"खोटं काऊन सांगतलं, भाऊ?"

त्यांनी घास खाली ठेवला आणि पायानं टेबलाखालचा विजेचा बोर्ड पुढे ओढला. त्यावरचं लाल बटण त्यांच्या पायाच्या अंगठ्यानं झिजून फिकट झालं होतं. "लाइन नाही जाये," ते म्हणाले. "मीच बंद करो."

मग तेच पुढं सांगू लागले. "दरेकस्याले माहा एक मित्र होता. आमचाही असाच झाला शेवट. त्याच्या लग्नाची शूटिंग मीच केलो. तीन कॅसेटी. आखरीपर्यंत केलो. मंग ठरवलो, कोनाले आखरीपर्यंत नाही दाखवाचं."

"पण मी तुमच्या थापेवर घर सोडलं."

"मंग? जाशीन का वापस?"

लता माझ्यासाठी जेवायची थांबली असेल म्हणून चारची बस पकडली.

महिनाभरापूर्वी त्यांच्या बहिणीनं आम्हाला बोलावलं. ते सिनेमे तुम्हीच न्या, मला त्यातलं काही समजत नाही, म्हणाली. कॉम्प्युटर लावला. सिनेमांच्या खाली आमच्या दोघींच्या नावाचं एक फोल्डर होतं, 'सुनंदा-लता'. आत सहा मिनिटांची एक फिल्म. बोदलकसाचं धरण, ऊन, मी. होणारा नवरा चित्रातून कापत कापत नुसत्या कोपरापुरता उरला होता. मी हसतेय, ते कोपराकडे पाहून नाही. पुढे छत्री घेतलेली लता, आणि आमच्या दोघींभोवती त्या ठरलेल्या गुलाबाच्या पाकळ्या. मला हसू आलं आणि रडूही. शेवटी हंस येतील म्हणून वाट पाहिली. हंस नव्हते, समाप्तही नव्हतं.

होता तो कॅमेऱ्यामागचा त्यांचा आवाज. त्या दिवशी तो मी ऐकलाच असणार, पण शूटिंगवाल्याची नेहमीची सूचना समजून सोडून दिला असणार.

"बाई, कॅमेऱ्याकडं नोको पाहू. जिकडं पाहून राहिली, तिकडंच पाह्य."

मी तिकडं पाहिलं. लता त्यांच्या खुर्चीचा हात धरून उभी होती. छत्री नव्हती, एवढंच.