दांडीच्या नामदेवने न उघडलेलं इंजिन

दांडीच्या बंदरात पंचेचाळीस होड्या असतील, तर त्यातल्या चव्वेचाळीस होड्यांच्या इंजिनाला नामदेव तांडेलचा हात लागलेला होता. कारखान्यातून आलेलं इंजिन तसंच होडीत बसवायचं म्हणजे कोळंबी न सोलता कालवणात टाकायची, असं त्याचं रोखठोक मत. तो डिझेलचा पंप आवळायचा, हे काढायचा, ते जोडायचा, आणि हवेचा फिल्टर तर पहिल्याच दिवशी भंगारात जायचा. "समुद्रावर धूळ कुठली?" असं म्हणून तो हात पुसायचा. होडी मग अशी सुटायची, की शेजारच्या गावचे खलाशी नुसते बघत राहायचे.

पंचेचाळिसावी होडी पंढरीची. पंढरी म्हणजे नामदेवचा शाळेपासूनचा सोबती, दोघांची घरं एकाच गल्लीत. पण इंजिन बिघडलं की पंढरी थेट सातपाटीहून मेस्त्री बोलवायचा. असं का, ते त्याने अठरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. नामदेवला ते ठाऊक होतं आणि त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

अशा माणसाच्या दारात गेल्या वर्षी नवीकोरी टर्बो गाडी येऊन उभी राहिली. धुराच्या जोरावर एक लहानसं चक्र फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, हे ऐकूनच नामदेव खुळा झाला होता. पूजेचा नारळ फुटायच्या आत त्याने बॉनेट उघडलंसुद्धा. पण वॉरंटीचं पुस्तक शोरूमवाल्याने त्याच्या बायकोच्या हातात दिलं होतं, आणि मंजुळाने ते अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं होतं.

"तीन वरसं इंजिनाला हात लावायचा नाय," ती म्हणाली. "लावलात तर कंपनी हात वर करल."

"मी कुठं काय करतो?" असं म्हणत नामदेवने बॉनेट खाली घेतलं, पण त्याचे हात शिवशिवत राहिले ते राहिलेच.

दोन महिने बरे गेले. मग बोईसरच्या रस्त्यावर पाम गावच्या भाग्येशची गाडी त्याला मागे टाकून गेली. तीच कंपनी, तेच मॉडेल, रंगसुद्धा तोच पांढरा. वर पठ्ठ्याने हॉर्न वाजवला. नामदेवच्या शेजारी त्याचा पुतण्या हितेश बसला होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ही बातमी बंदरावर पोचली यात नवल नव्हतं. भाग्येशने बोईसरच्या एका गॅरेजात गाडीच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग करून घेतलं होतं म्हणे.

"काका, अर्ध्या तासाचा काम हाय," हितेश मागेच लागला. "लॅपटॉप जोडायचा, तीस घोडे वाढतात."

"आणि वॉरंटी?"

"कोणाला कळतंय? सर्व्हिसच्या आधी परत जुना प्रोग्राम टाकून देतात."

अख्ख्या बंदराची इज्जत आता त्या गाडीवर येऊन बसली होती. होड्या पळवणाऱ्या नामदेवची स्वतःची गाडी मागे राहते म्हणजे काय? रविवारी दहा वाजता बोईसरला जायचं ठरलं.

शनिवारी दुपारी मंजुळा सुकटी वाळत घालायला गेली होती. नामदेव बॉनेट उघडून एकटाच उभा राहिला. लॅपटॉपवाला त्याचं काम करील, पण आपलाही हात लागायला हवा, नाहीतर ती गाडी नामदेवची कशी? सवयीने बोटं फिल्टरच्या डब्याकडे गेली, चाप सुटले आणि फिल्टर बाहेर आला. दोन महिन्यांत तो राखाडी पडला होता. रस्त्याच्या खडीची धूळ, एमआयडीसीतली भुकटी, सगळं त्याच्या घड्यांत अडकलेलं. समुद्रावर धूळ नसते, पण ही गाडी समुद्रावर चालत नव्हती.

आणि नामदेवला पंढरीचा टेंपो आठवला. अठरा वर्षांपूर्वी पंढरी त्या टेंपोतून बर्फ आणि मासळी पालघरला न्यायचा. टेंपो चढाला दमतो म्हणून तो नामदेवकडे आला आणि नामदेवने होडीसारखाच त्याचाही फिल्टर काढून फेकला. टेंपो सहा महिने वाऱ्यासारखा धावला. मग निळा धूर ओकायला लागला आणि एक दिवस भर रस्त्यात कायमचा बसला. "काय झाला असंल रे?" पंढरीने विचारलं होतं. इंजिन उघडून बघितलेल्या नामदेवने नजर चुकवून सांगितलं होतं, "कंपनीचा मालच खोटा."

ते वाक्य आठवलं आणि भर दुपारी त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने फिल्टर झटकला, जागच्या जागी बसवला आणि चाप लावले.

"नाय जायचा उद्या," त्याने हितेशला सांगितलं. "होडीचा मला समजतो. हिचा अजून नाय समजत."

बंदरावर हसू झालं. नामदेव म्हातारा झाला, बायकोला घाबरतो, पुस्तकाला घाबरतो, असं तोंडावर बोलायलाही लोकांनी कमी केलं नाही. ज्यांच्या होड्या त्याने पळवल्या तेच हसत होते, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. मंजुळाने रात्री त्याच्या ताटात बोंबलाचा एक तुकडा जास्त वाढला. हितेशने मात्र आपल्यापुरता उपाय शोधला. गाडीच्या मागच्या काचेवर त्याने इंग्रजीत एक झगझगीत स्टिकर चिकटवला. होडीवर नक्षी काढतात तसलंच काहीतरी असेल, असं समजून नामदेवने तो राहू दिला.

सहा महिने लोटले. एक दिवस पालघरहून येताना उमरोळीच्या अलीकडे गाडीच्या आवाजात एक शिटी आली आणि ताकद पडली. "काका, उघडा ना," हितेश कळवळला. नामदेवने गाडी कडेला घेतली, डोळे मिटले, इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं नुसतं ऐकलं आणि सावकाश गाडी वळवून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नेली.

तिथल्या मुख्य इंजिनिअर वर्षाराणी मॅडम, मूळच्या सोलापूरकडच्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या काचेपाशी थांबल्या. "काका, इथं तर ट्यूनिंग केलंय म्हणून लिहिलंय. मग टर्बोचं काम वॉरंटीत होणार नाही."

नामदेवने हितेशकडे पाहिलं. हितेशचा चेहरा पडला. "मॅडम, नुसता स्टिकर हाय तो. मी लावला. इज्जतीसाठी."

मॅडमनी लॅपटॉप लावला. प्रोग्राम मूळचाच होता, पण त्यांची खात्री पटेना. "हल्ली लोक परत जुना टाकून आणतात. आणि तुमच्या किनाऱ्याकडच्या चार गाड्या मी याच वर्षी परत पाठवल्यात. एकीतही फिल्टर नव्हता. धूळ खाऊन टर्बोची पाती झिजलेली." त्यांनी डब्याचे चाप काढले.

फिल्टर जागेवर होता. मॅडमनी पुढचा पाइप सोडवला, आत बॅटरी मारली. पाती नव्यासारखी लखलखत होती.

"बोटाने चक्र हलवून बघा मॅडम," आता नामदेव बोलला. "आतली शाफ्ट सैल हाय. वेग धरताना शिटी घोगरी होते."

मॅडमनी बोट लावलं. चक्र डगडगलं. त्या वळून त्याच्याकडे बघत राहिल्या. "न उघडता कसं कळलं?"

"उघडायचा नाय ठरवला, म्हणून ऐकायला शिकलो."

आठ दिवसांनी नवा टर्बो बसला, सगळा वॉरंटीत. निघताना मॅडमनी त्याला थांबवलं आणि आणखी एका गाडीचा आवाज ऐकायला लावला. दोन इंजिनिअर मुलं कागद घेऊन मागे उभी होती. नामदेवने त्याही गाडीतली खोट सांगितली आणि तीही बरोबर निघाली. असा आनंद त्याला चव्वेचाळीस होड्या पळवूनही झाला नव्हता. दांडीत शिरताना हितेशने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सगळ्या बंदराला ओरडून सांगितलं. हसणारे सगळे गाडीभोवती जमले.

नामदेव त्यांच्यात थांबला नाही. पंढरी ओट्यावर जाळं विणत होता, तिथे जाऊन उभा राहिला.

"तुजा टेंपो मी मारला. फिल्टर काढला म्हणून गेला. कंपनीचा माल चांगला होता."

पंढरीची सुई थांबली. "मला तवाच कळला होता. डबा उघडून बघितला होता मी."

"मग बोलला का नाय?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. इंजिन गेला त्याचा मला काय नाय रे. तू खोटा बोललास."

नामदेवला मान वर करवेना. पंढरीने पुन्हा सुई चालवली, दोन गाठी मारल्या आणि जाळ्यातून नजर न काढता म्हणाला, "सकाळी भरतीच्या आधी ये. माज्या होडीचा इंजिन हल्ली दमतोय. ऐकून बघ."