टावरच्या सावलीतली ड्यूटी

लहानपणी मला वाटायचं, उज्जैनच्या टावर चौकातल्या घड्याळाच्या टावरची सावली आईच्या मागे मागे चालते. शाळेत जाताना ऑटोतून दिसायचं, आई टावरच्या एका बाजूला उभी. परतताना दुसऱ्या बाजूला, आणि सावली तिच्या अंगावर ओढणीसारखी. खरं तर उलटं होतं, ते फार उशिरा कळलं. आई ट्रॅफिकमध्ये हवालदार. उन्हात उभं राहायचं तर टावरच्या सावलीत, आणि सावली सरकली की आपणही सरकायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सावलीतूनही चारही रस्ते दिसतात. शिट्टी तिथूनही तेवढीच वाजते.

मग चौकात नवे कॅमेरे लागले, आणि त्यांच्यामागे एआय. सिग्नल कोण तोडतो ते तर ते पाहतंच, पण पोलिसांनाही पाहतं. चौकात एक चौकोन ठरवलेला, जमिनीवर नाही, मशीनच्या डोक्यात. चौकोनात वर्दी दिसली तर हजर, नाही तर गैरहजर. पूर्वी त्या जागी पोलिसाला उभं राहायला छत्री होती. ती वादळात मोडली आणि परत काही आली नाही.

होळी झाली, ऊन चढलं, आणि आईला नोटीस मिळाली. ड्यूटी पॉइंट वारंवार सोडला, खुलासा करा. त्याच उन्हाळ्यात तिच्या खांद्यावर तारा यायचा होता, एएसआयच्या बढतीचा. शिक्षा लागली असती तर तो गेलाच म्हणायचा. रिटायरमेंटच्या आत पुन्हा संधी नव्हती.

"तू वकील आहेस ना," आई म्हणाली, "मग सांग त्या मशीनला."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझा काळा कोट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशाच खुंटीवर टांगलेला असतो. मला त्याचा अभिमान आहे, उगाच कशाला लपवू. दुसऱ्या दिवशी तो घालून फ्रीगंज भागातल्या ऑफिसात आमच्या वकीलसाहेबांसमोर उभी राहिले. ते कामगारांच्या केसेस लढतात, मी त्यांच्या हाताखाली.

"वकीलीणबाई," ते म्हणाले, "समोरच्या साडीच्या दुकानातल्या नोकराला कामगार कायदा आहे, तुमच्या आईला नाही. पोलिसाला युनियन नाही, संप नाही. पण शिक्षा द्यायची तर आधी पुरावा दाखवावा लागतो आणि माणसाचं ऐकून घ्यावं लागतं. मशीन साक्षीदार असेल, तर साक्ष पूर्ण मागा."

"मी आत जाऊ शकते?"

"खात्याच्या चौकशीत वकील चालत नाही. आईलाच बोलावं लागेल."

मग आमच्या स्वयंपाकघरातच चौकशी भरली. आई पोळ्या लाटत होती, मी चौकशीचे साहेब झाले होते. मी कलमं सांगत सुटले तशी ती म्हणाली, "साहेब इतकं बोलत नाहीत गं."

"बरं, एवढंच म्हण. मी दिसत नाही तेवढेच तुकडे दाखवू नका. पूर्ण दिवस दाखवा आणि पूर्ण चौक दाखवा."

"आणि चिडले तर?"

"परत तेच म्हण."

"म्हणजे रोज ऑटोवाल्यांशी करते तेच." ती तव्यावरची पोळी उलटत हसली.

चौकशीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसून राहिले. कोट अंगात, काम काही नाही. आतला पंखा कुरकुरत होता आणि त्या आवाजात मला आईची शिट्टी ऐकू येतेय असं वाटत राहिलं. कधी जवळून, कधी फार लांबून. मग ती बाहेर आली. आम्ही चौकात कचोरीच्या गाडीशी आलो.

"मी स्वतःला वरून पाहिलं," ती म्हणाली. "त्यांनी आधी तुकडेच दाखवले, रिकामी जागा. मी तुझं वाक्य म्हटलं, दोनदा म्हटलं. मग साहेबांनी ऑपरेटरला सगळा दिवस लावायला सांगितला, भराभर. गाड्या नुसत्या पाण्यासारख्या वाहताहेत. आणि मी टावरला धरून हळूहळू सरकतेय. सकाळी अशी इकडे, संध्याकाळी तिकडे. हात सारखा वर. जाम कुठेच नाही."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, मैडम, आप तो घड़ी का काँटा हो. आणि ऑपरेटरला विचारलं, नोटिस से पहले ये किसने देखा था? कुणीच नव्हतं पाहिलं. नोटीस आपोआप निघाली होती."

नोटीस मागे घेतली गेली.

"आणि त्या चौकोनाचं काय? विचारलंस?"

"तू वकीलच राहणार," ती म्हणाली आणि माझ्या कचोरीवर आणखी चटणी घातली.

चौकोनाचा अर्ज मग मीच लिहिला आणि तिच्याकडून सही करून घेतली. आता चौकोन टावरभोवती पसरवलाय म्हणतात. जमिनीवर अजूनही दिसत नाही.

तारा आला. जूनमध्ये आमच्या उज्जैनला एक दुपार अशी येते की सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि टावरचीही सावली टावरच्याच पायाशी गोळा होते. त्या दुपारी मी ताकाची बाटली घेऊन चौकात गेले. आई उघड्या उन्हात उभी होती, कुठे सरकायला जागाच नव्हती. दुकानांचे शटर अर्धे खाली, आवाज जाड पडद्यामागून यावेत तसे. मी तिच्या शेजारी उभी राहिले. आमच्या पायांशी काहीच नव्हतं, जणू आम्ही दोघी जमिनीला टेकलोच नव्हतो.

तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तारा चटका बसण्याइतका तापलेला.

"हात काढ," ती म्हणाली, "वर्दीवर आहे मी." आणि उजवा हात वर करून तिने देवासगेटकडून येणारी बस थांबवली.