तीन मिनिटांची पाळी

दिपाली धुरी मुलुंड पूर्वेला आमच्या समोरच्या दारात राहते. वय चौतीस, लग्न केलेलं नाही. माणसं कुडाळकडची. वडील भिकाजी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते नरिमन पॉइंटच्या एका कचेरीत लिफ्टमन झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई सोनूबाई. मुलगी काय काम करते असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, ‘‘लॅपटॉपाक चिकटान बसता.’’

ते काम समजायला मलाही बरेच महिने लागले. लोक फोनमध्ये काय शोधतात आणि कोणत्या शब्दांत शोधतात, हे दिपाली बघते. पुष्कळ लोक ‘केस गळणे घरगुती उपाय’ असं शोधत असतील, तर नेमके तेच शब्द मथळ्यात, पहिल्या ओळीत आणि मधे तीन-चारदा घालून ती लेख लिहिते. मग शोधणाऱ्याला तिचा लेख सगळ्यांत वर दिसतो. अंधेरीच्या अल्पेश नावाच्या माणसाची आरोग्याची एक वेबसाइट आहे. तिच्यासाठी ती आठवड्याला पाच लेख लिहायची. लेखावर नाव तिचं नसायचं. पांढरा कोट घातलेल्या एका डॉक्टरांचा फोटो आणि नाव असायचं.

‘‘हे डॉक्टर कुठे बसतात गं?’’ मी एकदा विचारलं.

‘‘कुठेच बसत नाहीत, काकी. फोटो विकत मिळतो.’’

ती हसली. मीही हसले.

लेख पाठवण्याआधी ती मला दाखवायची. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी मी उशिरा आणि नेटाने शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मला खड्यासारखं टोचतं. आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. दुपारचा वेळ रिकामाच असायचा. मी लाल पेन घेऊन बसायची आणि ती समोर चहा पीत बसायची. तिचा स्वतःचाही एक ब्लॉग होता, मालवणी जेवणाचा आणि बापाने सांगितलेल्या गिरणीतल्या गोष्टींचा. तो फारसं कोणी वाचत नसे. ‘‘तो माझ्यासाठी आहे,’’ ती म्हणायची.

लेख वर यायचा असेल तर लोकांनी तो नुसता उघडून चालत नाही, त्यावर थांबावं लागतं, असं या धंद्यातली मंडळी मानतात. म्हणून दिपाली रोज सकाळी नऊला नातेवाइकांच्या ग्रुपवर नवा लेख टाकायची आणि खाली लिहायची, ‘उघडा, तीन मिनिटं थांबा, खालपर्यंत या, मग बंद करा.’ नातेवाईक अंगठा दाखवून विसरून जायचे. नेमाने करायचे ते एकटे भिकाजी. इमारतीखालच्या बाकावर चष्मा लावून, ओठ हलवत, ते लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. त्यांना मी भाजी घेऊन येताना रोज बघायची.

‘‘काय धुरी, चाललंय वाचन?’’

‘‘वाचन कसलं बाई, पाळी भरतोय. गिरणीत आठ तास उभं राहून कोणी शाब्बास बोललं नाही. इथं तीन मिनिटांत लेक बोलते.’’

एकदा जिना चढताना मला थांबवून ते म्हणाले, ‘‘उचकी लागली तर जीभ धरायची, ठाऊक आहे? दिपूने लिहिलंय.’’ डॉक्टरांचा फोटो खोटा आहे हे त्यांना माहीत होतं. त्याने त्यांचा विश्वास कमी झाला नाही, उलट वाढला. मुलगी डॉक्टरपेक्षा हुशार आहे, फक्त नाव लावत नाही, असं त्यांचं मत झालं होतं. हे तिच्या कधी लक्षात आलं नाही. तिच्या लेखी तिचे वाचक म्हणजे आकडे होते. आत लिहिलेलं कोणी खरं मानून करील, हा विचार तिला शिवला नव्हता. मलाही नाही.

१९ जूनची माझी डायरी समोर आहे. त्या दिवशी मी ‘छातीत जळजळ आणि दुखणे : सात घरगुती उपाय’ हा लेख तपासला. पहिल्या खर्ड्यात दुसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं, ‘दुखणं दहा मिनिटांत थांबलं नाही, घाम आला किंवा हात भरून आला तर ताबडतोब रुग्णालयात जा.’ संध्याकाळी लेख अल्पेशकडून परत आला तेव्हा ते वाक्य नव्हतं. त्यानेच ते काढलं होतं. त्याचं म्हणणं, तिथेच डॉक्टरकडे जा म्हटलं तर माणूस पान बंद करतो, आणि जाहिराती तर खाली असतात. दिपाली थोडी कुरकुरली आणि गप्प बसली. मी डायरीत लिहिलं आहे : ‘शुद्धलेखनाच्या नऊ चुका. दुसरा परिच्छेद आता सुटसुटीत झाला.’

पंधरा दिवसांत तो लेख पहिल्या क्रमांकावर गेला. भिकाजींनी इमारतीत पेढे वाटले.

सोमवार, ६ ऑक्टोबरला दिपाली दिवाळीच्या लेखांची आखणी करायला अंधेरीला अल्पेशच्या ऑफिसात गेली होती. साडेचारच्या सुमारास परत आली तेव्हा भिकाजी कॉटवर डाव्या कुशीवर पडले होते. शेजारी ओव्याच्या कोमट पाण्याचा पेला होता. सोनूबाई पायाशी बसून होत्या. दिपालीची हाक ऐकून मी धावले. रिक्षाने दवाखाना आमच्यापासून सात-आठ मिनिटांवर आहे. तिथल्या डॉक्टरांनी, खऱ्या डॉक्टरांनी, त्यांना तपासलं आणि विचारलं, ‘‘दुखायला कधी लागलं होतं?’’ सोनूबाई म्हणाल्या, ‘‘जेवल्यावर.’’ सगळं तिथे पोचण्याआधीच संपलं होतं.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिपाली वडिलांचा फोन घेऊन माझ्याकडे आली. त्यांचा नंबर बंद करायचा म्हणून तिने तो उघडला होता. उभ्याउभ्याच तिने तो माझ्यासमोर धरला. त्या सोमवारी काय काय उघडलं ते वेळेसकट दिसत होतं. दोन वाजून बारा मिनिटांनी तोच लेख. दोन एकतीसला पुन्हा तोच. दोन त्रेपन्न. तीन वीस. शेवटी तीन अठ्ठेचाळीस.

‘‘पाचदा, काकी. दर वेळी पुढचा उपाय करून बघत होते.’’

मी तिला खुर्चीवर बसवलं. १९ जूनचं पान मी तिला त्याच दिवशी दाखवायला हवं होतं. दाखवायला मला आठवडा लागला. तिने ते वाचलं आणि म्हणाली, ‘‘तुम्ही नुसत्या वेलांट्या बघितल्यात. लिहिलं मी.’’ तिला मला मोकळं करायचं होतं, पण तसं कोणी मोकळं होत नाही.

त्यानंतर तिला एकच गोष्ट हवी होती. तो लेख पुसला जायला हवा होता. तिने अल्पेशला फोन केला तो माझ्या टेबलावरूनच, स्पीकर लावून.

‘‘दिपाली, यार, अंकल गेले, मला पण झोप नाही आली. आई शप्पथ. पण ते पान काढलं तर साईटची वाट लागेल ना. अर्धी पब्लिक त्याच पानावरून येते.’’

‘‘मग निदान ती ओळ परत वर घाल.’’

‘‘ती ओळ घातली तर पान खाली पडेल. तूच तर शिकवलंस मला हे.’’

‘‘माझा बाप मेला रे ते वाचून.’’

‘‘असं कसं बोलतेस? त्यांचं वय होतं. आणि बघ, खाली बारीक अक्षरात लिहिलंय ना, हा वैद्यकीय सल्ला नाही म्हणून.’’

‘‘त्यांना बारीक अक्षर दिसायचं नाही.’’

अल्पेश म्हणाला, ‘‘तू सुट्टी घे थोडी.’’ तिने तिथल्या तिथे काम सोडलं. त्याने लेख तसाच ठेवला. तो त्याच्या मालकीचा होता.

मग एकच वाट उरली. त्याच शब्दांवर दुसरा लेख लिहायचा आणि तो पहिल्याच्या वर न्यायचा. दिपालीने आपल्या ब्लॉगसाठी तो आठवडाभरात लिहिला. सुरुवातीलाच, ‘छातीत दुखत असेल तर वाचत बसू नका, उठा आणि दवाखान्यात जा.’ त्याखाली एका हृदयरोगतज्ज्ञाकडे तीनदा खेपा घालून तपासून घेतलेली लक्षणं. आणि त्याखाली, ६ ऑक्टोबरला काय झालं ते, स्वतःच्या नावासकट. हा तिसरा भाग काढला तर लेख इतर शंभर लेखांसारखा होईल, कोणी थांबणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. ते धंद्याच्या दृष्टीने बरोबर होतं. पण मला वाटतं, तिला ते लिहिल्याशिवाय राहवतच नव्हतं.

लेख तयार होता, पण ती तो टाकेना. आईला यातलं काही माहीत नव्हतं. इमारतीतली कोणीतरी बाई पहिल्याच दिवशी तिला वाचून दाखवणार हे नक्की होतं.

‘‘आईला कळलं तर ती माझ्या हातचं पाणी पिणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आणि नाही टाकला तर रोज तो जुना लेख लोक वाचताहेत. मी आकडे बघते, काकी. अजून बघते.’’

तीन आठवडे असे गेले. ती रोज सकाळी लेख उघडायची, एखादा शब्द इकडचा तिकडे करायची आणि मिटून ठेवायची. शेवटी मी म्हटलं, ‘‘दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तू सांग. मी येते बरोबर.’’

२४ नोव्हेंबरच्या दुपारी आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. सोनूबाई मांडी घालून तांदूळ निवडत होत्या. दिपालीने लेख वाचायला घेतला. पाच वेळांच्या ओळीवर ती अडली. सोनूबाईंनी सूप खाली ठेवलं.

‘‘माका ठावक आसा,’’ त्या म्हणाल्या.

दिपालीने मान वर केली. ‘‘काय ठाऊक आहे?’’

‘‘त्याच दिवसापासून. तेंनीच सांगल्यानी, ‘चेडवाक फोन करू नको, तिचा काम चालू असतला. तिनाच लिवल्यान हा, पित्त आसा, उतरतला.’ ओव्याचा पाणी मीच केलंय.’’

‘‘मग तू मला बोलली का नाहीस, आई?’’

‘‘काय बोलू? माका घाम दिसत होतो. तेंचो हात गार पडलो तो मी माझ्या हातात धरून बसलंय. समोरच्या घरात ही काकी होती. मी उठलंय नाय.’’

मी घरात होते. त्या दुपारी मी वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवत होते. दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर आहे.

दिपालीने आईला जवळ घेतलं नाही, आईनेही तिला घेतलं नाही. या दोघी दीड महिना एका घरात, एकमेकींना सांभाळत, तीच गोष्ट एकमेकींपासून लपवत राहिल्या होत्या. आता लपवायला काही उरलं नव्हतं. सोनूबाईंनी सूप पुन्हा पुढे ओढलं.

‘‘टाक तां,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण माझापण लिव. बायल बाजूक बसलेली, तिना घाम बघितल्यान आणि दार वाजवल्यान नाय. बायकांका कळांदे.’’

‘‘तुझं नाही लिहिणार मी.’’

‘‘मग टाकू नको.’’

संध्याकाळी दिपालीने ते वाक्य घातलं. मी ते तपासलं. एकही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता लेख लागला.

या गोष्टीला आता चार महिने होत आले. सोनूबाई माझ्याकडे यायच्या बंद झाल्या आहेत. जिन्यात भेटल्या तर बाजूला होऊन वाट देतात. दिपाली दुसऱ्या एका कंपनीसाठी फर्निचरच्या वर्णनांचं काम करते. उरलेला सगळा वेळ तिचा त्या एका लेखात जातो. ती ओळखीच्या ब्लॉगवाल्यांना त्याचा दुवा द्यायला सांगते, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर टाकते. अनोळखी लोक खाली लिहून जातात. कोणी हात जोडल्याचं चित्र टाकतं, कोणी ‘पोरीनेच बापाला मारलं’ असं लिहितं. ती दोन्ही पुसत नाही.

काल मी विचारलं, लेख कुठवर आला.

‘‘बाराव्या नंबरवर.’’

‘‘आणि तो?’’

‘‘पहिला.’’

‘‘बाराव्यापर्यंत लोक येतात का गं?’’

‘‘येतात, काकी. वेळ असलेले येतात,’’ ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली. ‘‘ज्याच्या छातीत दुखतंय तो नाही येत.’’