भटूला कोण सांगणार?

आमच्या कोरीट गावात कोणाकडे मयत झाली की घरचे आधी भटूला हाक मारतात. बाहेरगावच्या नातेवाइकांना कळवायचं काम त्याचं. तीस वर्षं झाली, त्याला कोणी नेमलं नाही, कोणी थांबवलं नाही. आधी सायकलवर जायचा, मग मोटरसायकलवर, आता फोन करतो. आम्ही एका वर्गातले, म्हणून मी चिडवायचो, "तुन्हा फोन उना की माणूस घाबरस." तो हसायचा नाही. या एका बाबतीत भटू फार कडक.

त्याचे नियम ठरलेले. वाटेवर असलेल्या माणसाला खरं सांगायचं नाही. "जराशी चक्कर उनी व्हती, आते बरी शे, आरामशीर या, घाई करू नका," एवढंच. सुरुवातीला त्याने एका पोराला बाप गेल्याचं सरळ सांगून टाकलं होतं. पोरगा सुरतहून गाडी मारत निघाला आणि वाटेतच गेला. भटूने बापाला आणि पोराला, दोघांना खांदा दिला. दुसरा नियम, पोरगा पोचल्याशिवाय प्रेत उचलू द्यायचं नाही. त्यासाठी तो गावातल्या म्हाताऱ्यांशी भांडलेला आहे. आणि बातमी कळली की माणूस आधी 'कव्हय?', म्हणजे 'कधी?', असं विचारतो, त्याचं उत्तर तयार पाहिजे, असं तो म्हणायचा.

मागच्या जुलैत आम्ही दोघं त्याच्या गाडीवर वापीला गेलो. गावातले एक म्हातारे तिकडे पोराकडे वारले होते, त्यांच्या दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला. रात्री मुक्काम केला. सकाळी पुन्हा थोडा वेळ बसून साडेनऊला निघायच्या तयारीत होतो, तर भटूच्या पोराचा, नवनीतचा, फोन मला आला. "काका, आजी गयी, नऊ वाजता. आप्पाले सांगू नका. फक्त दिन बुडाना पहिले लई या."

आजी म्हणजे भटूची माय, धनुबाई. पंच्याऐंशीची, पण आम्ही निघालो त्या पहाटे तिनेच उठून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. पाच मिनिटांनी नवनीतने बापाला फोन लावला, "आजीले जराशी चक्कर उनी व्हती, आते बरी शे, आरामशीर या." भटूने ऐकून घेतलं. "हां. बरं. चहा पीसन निंघतस," म्हणाला आणि खरंच चहा प्यायला. मी मनात म्हटलं, सुटलो, याला कळलं नाही.

पाऊस वलसाडपासूनच मागे लागला. बारडोलीजवळ मागचं चाक पंक्चर झालं. गाडी ढकलत दुकान गाठेपर्यंत आणि ट्यूब बदलेपर्यंत दीड तास गेला. मला भूक लागली होती, म्हणून मी पिशवीतली उरलेली भाकर काढायला गेलो.

"ती ऱ्हाऊ दे," भटू म्हणाला. "तुले वडा लई देस."

पुढे व्याऱ्याला प्लगमध्ये पाणी गेलं, गाडी चारदा बंद पडली. आणि चालू झाली तरी हा बाबा चाळिसाच्या वर जाईना. माझा जीव वर-खाली होत होता. दिवस चाललाय, माय अंगणात ठेवलीय, आणि हा वरातीत निघाल्यासारखा गाडी चालवतोय. शेवटी मी खेकसलो, "गाडी जराशी पळाव ना रे. बैलगाडी शे का?"

"रस्ता ओला शे, उमाकांत," एवढंच तो म्हणाला.

मी चालवतो म्हटलं, तर तेही नाही. मला त्याचा इतका राग आला की नवापूरपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. आज तो राग आठवला की माझीच मला लाज वाटते.

पावणेसहाला विसरवाडीच्या पुढे एका नाल्याशी गाडी थांबली. ठेंगण्या फरशीपुलावरून कमरेएवढं पाणी चाललं होतं. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. पलीकडे आमचं गाव तास-दीड तासावर. लोक म्हणत होते, तीन-चार तास तरी पाणी उतरत नाही. दुसऱ्या रस्त्याची चौकशी केली, तर तोही बंद.

भटूने गाडी स्टॅंडवर लावली. रेनकोटच्या आतून फोन काढला, ओल्या बोटाने दोनदा चुकून तिसऱ्यांदा लावला.

"नवनीत, मन्ही वाट नका पाहू. दिन बुडाना पहिले उचला तिले. आग तू दे."

मग पोराचं रडणं मला लांबून ऐकू आलं. भटू त्याला समजावत होता, कोणाला पुढे घालायचं, ओली लाकडं असतील तर काय करायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी प्रेत थांबवणारा माणूस स्वतःच्या मायला उचला म्हणत होता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

"सकायपासून. त्या सर्वा शब्द मन्हाच शेतस."

"मंग हळू काब्र चालवी ऱ्हायंता?"

"मांगे तू बशेल व्हता."

दगूबाईचा, माझ्या बायकोचा, दुपारपासून तीनदा फोन येऊन गेला होता. दरवेळी भटूच मला म्हणत होता, तिला सांग, हळू येतोय म्हणून.

तो गाडीला टेकला. पाऊस तोंडावर घेत म्हणाला, "उमाकांत, आते सांग मले. आजलोंग मीच सर्वासले सांगं. मले आजून कोणीच सांगेल नही."

नको म्हणावंसं वाटलं. पण मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि त्याचे दोन्ही दंड धरले.

"भटू, माय गयी."

तो खाली बसला, तिथेच, रस्त्यावरच्या चिखलात, आणि लहान पोरासारखा रडला. रांगेतले लोक बघत होते. मीही त्याच्याजवळ बसलो. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

"कव्हय?" त्याने विचारलं.

"सकाये. नऊ वाजता."

नऊ वाजता तो वापीत दुसऱ्याच्या दारावर बसून, बाप गेलेल्या त्या पोराच्या पाठीवरून हात फिरवत होता.