शंकासुराची किल्ली

गल्लीत त्यांना शंकासुर म्हणत, आणि उगीच नाही म्हणत. दूधवाल्याने हसून विचारपूस केली, की ह्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. हा एवढा गोड का बोलतोय? शेजारीण वाटी परत करायला आली, तर ती जाईपर्यंत हे तिच्या हातांकडे बघत बसायचे. धंदाही असा, की शंका वाढावी. चौकातल्या टपरीत बसून चाळीस वर्षं किल्ल्या घासल्या. कुलूप म्हणजे काय आणि ते किती चटकन उघडतं, हे ज्याला कळलं, त्याला झोप कशी लागायची सांगा!

त्यात पोटच्या मुलीनेच घात केला. ती नशेच्या नादी लागली. दोनदा किल्ली चोरून घरात शिरली आणि बापाची हत्यारं उचलून घेऊन गेली. तेव्हापासून म्हातारा दर दोन-तीन महिन्यांनी घराचं कुलूप बदलायचा. किल्ली एकच, तीही कमरेला.

ह्याच घरात नात आली. दहा वर्षांची, बोलण्यात अगदी कंजूष. जे सापडेल ते खिशात, मोज्यात, दप्तराच्या कप्प्यात लपवायची, म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं खारूताई. आईचं तसं झाल्यावर आधी ती काकांकडे होती. त्यांनी वर्षभरात हात टेकले. मग बालकल्याणच्या कचेरीने म्हाताऱ्याला शोधून काढलं आणि पोर तात्पुरती त्याच्या हवाली केली. हे 'तात्पुरती' तेवढं आजोबांच्या कानात रुतून बसलं होतं.

कारण त्या शब्दापाठोपाठ एक बाई येत. कचेरीच्या. महिन्यातून एकदा, हातात वही. नातीचं अंथरूण बघायच्या, खिडक्या बघायच्या, वहीत काहीतरी खरडायच्या. आजोबा मान लांब करून वाचायला बघायचे, पण अक्षर असं कोंबडीच्या पायाचं, की काही लागेल तर शपथ.

"आजोबा, पुढच्या गुरुवारी तारीख आहे," बाई म्हणाल्या. "दोनच वाटा आहेत. एक तर न्यायाधीश हिचा कायमचा ताबा तुम्हाला देतील. म्हणजे शाळा, दवाखाना, सगळे निर्णय तुमचे. आईचं आईपण जात नाही, ती सुधारली तर येऊन भेटू शकेल. पण पोर इथून हलणार नाही."

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे तिला सांभाळायला तयार असलेलं दुसरं कुटुंब."

झालं! आजोबांचे कान टवकारले. म्हणजे कुटुंब बघून ठेवलंय तर! ह्या वहीत दुसरं काय असणार?

"कुणाचं कुटुंब? कुठलं?"

"अहो, मी फक्त वाट सांगतेय."

"वाट दाखवणारी माणसं मी खूप बघितलीत, बाई."

बाई हसल्या. हसल्या म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

खरी ठिणगी पडली ती पुढच्या आठवड्यात. बाई न सांगता दुपारी साडेचारलाच आल्या. दाराला हे भलं थोरलं कुलूप, आणि पायरीवर खारूताई मांडीवर वही घेऊन गणितं करत बसलेली. शाळा चारला सुटायची, आजोबा सहाला यायचे. टपरी मोठ्या रस्त्यापलीकडे होती, आणि त्या रस्त्यावरच्या गाड्यांवर आजोबांचा विश्वास नव्हता. म्हणून दोन तास पायरीवर. बाई तिच्याशेजारी बसून राहिल्या, आणि सहाला आजोबा आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"सगळ्या गावाला किल्ल्या करून देता. हिला एक का नाही?"

"हिच्याकडून हिची आई काढून घेईल. तुम्हाला काय माहीत माझी मुलगी?"

"आजोबा, जिला घराची किल्ली नाही, तिचं घर हेच आहे, असं मी न्यायाधीशांना कसं सांगू?"

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक किल्ली नाही म्हणून माझी नात नेणार? चांगलं निमित्त शोधलं! तो इतका बोलला, इतका बोलला, की बाई वही मिटून गेल्या. त्यांनी काय लिहिलं, ते ह्याला कळलं नाही. मग ते न कळलेलंच दोन दिवस डोक्यात घण घालत राहिलं.

आणि बुधवारी शेजारीण टपरीवर येऊन म्हणाली, "काका, तुमची लेक दिसली काल देवळापाशी. मला विचारत होती, बाबांनी कुलूप बदललं का म्हणून."

आजोबांचं धाबं दणाणलं. उद्या तारीख, आणि आज ही उगवली! त्यांनी फळीवरचं सगळ्यात दणकट नवं कुलूप पिशवीत टाकलं, चार वाजताच टपरी बंद केली आणि तरातरा घरी निघाले.

गल्लीच्या तोंडाशी पाय थबकले. खारूताई दारापुढे उभी होती. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वाकून मोज्यातून काहीतरी काढलं आणि कुलपात घातलं. कुलूप उघडलं! दार बोटभर ढकललं, आत डोकावली, परत ओढून घेतलं, कुलूप लावलं, वस्तू मोज्यात ठेवली आणि पायरीवर बसून वही उघडली.

आईने फितवली पोरीला. नाहीतर त्या बाईने! दोन ढांगांत ते पायरीशी.

"काढ ती किल्ली. कुणी दिली? आईने?"

पोरीने मान हलवली.

"त्या कचेरीच्या बाईने?"

परत मान. मग मोज्यातून किल्ली निघाली आणि त्यांच्या तळहातावर आली. आजोबांनी चष्मा वर केला. मूळची कोरी, बिनखाचांची किल्ली, त्यांच्याच टपरीतली, एक कड वाकडी म्हणून टाकून दिलेली. खाचा हाताने घासलेल्या, जरा धसमुसळ्या. पण टोक मात्र गोल केलेलं. खिसा फाटू नये म्हणून टोक गोल करायची खोड अख्ख्या बाजारात एकाच माणसाला होती, खुद्द त्यांना.

"मी केली," खारूताई म्हणाली. "रविवारी मला टपरीत नेता तेव्हा तुम्ही करता ना, तशी. कुलपात घालून पिळायची, जिथे वळ उठतो तिथे घासायचं. माझ्या नऊ बिघडल्या."

आजोबांनी आ वासला. कारागिराला आधी अभिमानच वाटला, खोटं कशाला बोला. पण शंकासुर लगेच पुढे सरसावला.

"कधीपासून आहे?"

"दोन महिने."

"मग आत का नाही जात? उन्हात कशाला बसतेस?"

"तुम्ही रागवाल."

"मग केली कशाला?"

पोर बुटाचं टोक पायरीवर घासत राहिली. "बघायला. लागते का अजून."

"म्हणजे?"

"काकांकडे शाळेतून आले, तर दाराला नवं कुलूप होतं. माझं दप्तर, माझे कपडे सगळं बाहेर. मग कचेरीची गाडी आली." तिने किल्लीकडे बघितलं. "रोज लावून बघते. लागली, की मग गणितं करते."

पिशवीतलं नवं कुलूप आजोबांच्या हाताला एकदम जड झालं. अर्ध्या तासात त्यांनी ते दाराला ठोकलं असतं. परवा शाळेतून येऊन हिने किल्ली घातली असती, आणि ती लागली नसती. इतकी वर्षं चोर बाहेर ठेवायला कुलपं बदलली. त्या कुलपांकडे आपली नात कशी बघते, हे एकदाही विचारलं नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते तिच्याशेजारी पायरीवर बसूनच राहिले.

"हे कसलं?" पिशवीत डोकावून खारूताईने विचारलं.

"दुकानाचं," आजोबा म्हणाले. "आपल्या घराला आहे तेच राहणार. आणि ह्या तिसऱ्या खाचेची कड राहिलीय बघ. अडकते का?"

"थोडी."

"चल आत. कानस काढ."

गुरुवारी बाईंनी न्यायाधीशांपुढे वही उघडली. किल्लीची ओळ त्यांनी लिहिली होतीच. त्यांनी ती वाचायच्या आत खारूताईने मोज्यातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. आता तिच्या मुठीला भोक पाडून त्यात लाल दोरी घातली होती. "ही माझी," ती म्हणाली. तेवढंच. बाईंनी ती ओळ खोडली. ताबा मिळाला. सही करण्याआधी आजोबांनी कागद तीनदा वाचला आणि मागची बाजूही तपासली, कोरी होती तरी.

सोमवारी सहाला ते गल्लीत वळले, तर पायरी रिकामी. कागद खोटा होता की काय? नेली का? ते धावत दाराशी आले. कुलूप नव्हतं. दार ढकललं, तर आतून कडी. त्यांनी धडाधड दार वाजवलं.

"कोण?" आतून आवाज.

"अगं, मी!"

"मी म्हणजे कोण?"

"आजोबा!"

"कशावरून?"

जीव भांड्यात पडला. शिकवलं कुणी हिला हे? म्हातारा हसायला लागला, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाहीने तोंड पुसून त्याने कमरेची किल्ली काढली आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवली. आत किल्ली उचलल्याचा आवाज आला. ती टोक बघत असणार. आजोबा आपल्याच दाराबाहेर, तपासणी संपायची वाट बघत उभे राहिले.

मग कडी निघाली.