हयातीच्या दाखल्याची मागची बाजू

माझे थोरले दीर जिवंत आहेत, हे इंग्लंडमधल्या पेन्शन कार्यालयाला अधूनमधून पटवून द्यावं लागतं. गेल्या वेळी ते काम घेऊन ते माझ्याकडे आले आणि मी त्यांना पावणेदोन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवलं. मला त्याबद्दल अजून वाईट वाटलेलं नाही. वाटेल असंही दिसत नाही.

मी टेक्सासमध्ये अर्विंगला मुलीकडे राहते. आठवड्यातले चार दिवस एका छोट्या टॅक्स ऑफिसात बसते. एका बाजूला इंडियन ग्रोसरी, दुसऱ्या बाजूला डोशाचं हॉटेल, मध्ये आम्ही. मालकीणबाई तेलुगू आहेत, अकाउंटंट आहेत. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. मी नोटरीचा शिक्का मारते, आणि इंग्लंडहून रिटायर होऊन मुलांकडे आलेले लोक आले की त्यांनाही माझ्या टेबलाशी पाठवतात, कारण मी स्वतः त्यांच्यातलीच. लेस्टरमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. तिथली सरकारी पेन्शन मला इथे मिळते.

या लोकांना दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. इथे राहणाऱ्याला तिकडच्या सरकारी पेन्शनवर तिकडे टॅक्स नाही, इथे आहे. ती इथल्या रिटर्नमध्ये दाखवावीच लागते. आणि दुसरी गोष्ट, तिकडून आलेला प्रत्येक कागद उलटून वाचावा लागतो.

ही दुसरी सवय मला चोपड्याच्या शाळेतल्या सरांनी लावली. माझे वडील शिंपी होते. त्यांना टेपेवरचे आकडे वाचता यायचे, अक्षरं नाही. फीमाफीचा अर्ज मी सरांकडे भरायला नेला, तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन आधी पालथा केला. म्हणाले, "देणार काय ते पुढे छापतात. अटी मागे असतात. आधी मागून वाचायचं." त्या अर्जामुळे मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. सर आता नाहीत. पण त्यांची आठवण काढल्याशिवाय मी एकही फॉर्म भरत नाही.

आणि तरी नऊ वर्षं मी त्यांचं म्हणणं विसरले.

लग्न होऊन लेस्टरला गेले, तेव्हा थोरल्या दिरांचं तिथे डाळी-मसाल्यांचं घाऊक गोडाऊन होतं. मी पदवीचा कागद घेऊन गेले. त्यांनी तो पाहिला, हसले आणि म्हणाले, "छान आहे. फ्रेम करून लाव." मला पॅकिंगच्या टेबलावर उभं केलं. हिशेब ते स्वतः पाहायचे. दर शुक्रवारी खाकी पाकीट मिळायचं. पाकिटावर त्यांच्या उभट अक्षरात तीन ओळी असत: पगार, नॅशनल इन्शुरन्सची कपात, हातात आलेली रक्कम. ही कपात सरकारकडे जमा होते आणि तीच पुढे पेन्शन होऊन येते, एवढं मला ठाऊक होतं. पावती मी एकदाही मागितली नाही. आमच्यात घरच्या माणसाकडे पावती मागत नाहीत. मागितली असती तर जाऊबाईंनी वर्षभर तोंड फिरवलं असतं, आणि माझ्या नवऱ्याने माझी समजूत घातली असती.

नंतर मला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली आणि गोडाऊन सुटलं. पुष्कळ वर्षांनी, नवरा गेल्यानंतर, पेन्शनच्या वयाला आले तेव्हा माझी नोंद मागवली. शाळेची सगळी वर्षं होती. गोडाऊनची नऊच्या नऊ कोरी.

मी कार्यालयाला लिहिलं. त्यांनी दिरांना विचारलं. दिरांचं उत्तर आलं आणि त्याची प्रत मला मिळाली. ते मला पाठ आहे: ही माझ्या भावाची बायको. कुटुंबातली म्हणून मदतीला यायची. कामावर नव्हती. माझ्याकडे तीन पाकिटं उरली होती, बाकीची भाजीची यादी लिहून लिहून संपवलेली. तीन पाकिटांनी नऊ वर्षं सिद्ध होईनात. प्रकरण बंद झालं.

मी फोन केला. ते म्हणाले, "अगं, दुसरं काय लिहिणार होतो मी? दंड लागला असता मला. आणि तुला काय कमी आहे? पोरगी टेक्सासात आहे तुझी."

नऊ हिवाळे बर्फाळ शटरमागे उभं राहून मी तूरडाळ भरली होती. नखांत हळद राहायची म्हणून शाळेच्या मुलाखतीला हातमोजे घालून गेले होते. ते सगळं 'मदत' या एका शब्दात गेलं.

मग तेही टेक्सासात आले. मुलगा फ्रिस्कोला घर घेऊन राहतो, जाऊबाई वारल्या होत्या. गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये पंगत बसली होती, मी मठ्ठा वाढत होते, आणि ते शेजारच्याला सांगत होते, "पुण्याला जाऊन राहिलो असतो ना, तर पेन्शन पहिल्या दिवसाच्या आकड्यावर गोठली असती. इंडियात वाढवत नाहीत ते. इथे दरवर्षी वाढते. यात डोकं लागतं." माहिती खरी होती. मी त्यांच्या वाटीत मठ्ठा ओतला आणि पुढे सरकले. त्या दिवसापासून मी वाट पाहत होते. कशाची, ते मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत, ऐन टॅक्सच्या गर्दीत, पुतण्या त्यांना घेऊन आला. "काकू, बाबांची पेन्शन स्टॉप झालीय. एक साइन आणि स्टॅम्प पाहिजे फक्त. मला कॉल आहे, मी कारमध्ये बसतो." आणि तो गेलासुद्धा.

दीर काठी टेकत थेट माझ्या टेबलाकडे यायला लागले.

"भाऊजी, नंबर घ्या," मी म्हणाले.

"नंबर? मी?"

"सगळेच घेतात."

त्यांनी मशीनमधून चिठ्ठी ओढली आणि एका तान्ह्या बाळाच्या आईबापांशेजारी बसले. दोनदा उठून आले. "अगं, एक शिक्का तर मारायचाय." मी दोन्ही वेळा सांगितलं, "नंबर आला की मारू." मधल्या काळात मी एकाला पार्किंगपर्यंत सोडून आले. चहा प्यायले. चहा त्यांना विचारला नाही.

नंबर आला. ते समोर बसले आणि मी विचारलं, "थांबली कशी पेन्शन?"

"फॉर्म आला होता मे महिन्यात. मी ठेवून दिला. हयातीचा दाखला नोव्हेंबरातच देतात ना? माझा मेहुणा पुण्यात बँकेत जाऊन नोव्हेंबरात देतो. मी बरोबर नोव्हेंबरात भरून पाठवला."

"ते भारत सरकारचं, भाऊजी. इंग्लंडचा फॉर्म आला की मुदतीत परत पाठवायचा असतो. मुदत कागदावरच असते."

"तोवर यांनी बंदच केली. आणि वर साक्षीदार नाही म्हणून परत पाठवला. साक्षीदार कशाला? मी जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही?"

मला हसू आलं असतं, दुसरं कुणी असतं तर.

त्यांनी नवा फॉर्म सरकवला. मी तो हातात घेऊन आधी पालथा केला. मागे साक्षीदार कोण चालेल त्याची यादी होती: डॉक्टर, शिक्षक, बँकेचा अधिकारी, अकाउंटंट, नोटरी, आणखी पुष्कळ. खाली अट: साक्षीदार नात्यातला नको. आमच्या काचेतून समोरची बँक दिसते. रस्ता ओलांडला की झालं. त्या वेळी तिथे रांगही नव्हती. मी कागद परत सुलटा करून टेबलावर ठेवला.

"मी तुमची कोण, भाऊजी?"

"म्हणजे काय? भावजय."

"मग मला सही करता येणार नाही. नात्यातलं माणूस चालत नाही."

"कळणार कुणाला?"

"आडनाव एकच आहे. वाचता येतं त्यांना."

ते पुढे झुकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नातं लिहूच नकोस तू. कामाच्या ओळखीचे आहोत, असं लिही."

"कुठल्या कामाच्या? तुमच्या गोडाऊनमधल्या?"

 ते चिठ्ठीची गुंडाळी करत बसले.

ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे मी पुढचा प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारते. "तिकडची पेन्शन इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवता ना?"

"ती तिकडची आहे."

"तुम्ही इकडचे आहात. दाखवलीत?"

 त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, हीटर काही एवढा नव्हता. जुने रिटर्न दुरुस्त करून भरता येतात, आपणहून भरले की निभावतं बहुतेक वेळा, हे मी एका वाक्यात सांगू शकले असते. इतर सगळ्यांना तेव्हाच सांगते. त्यांना नाही सांगितलं. नऊ वर्षं दर शुक्रवारी त्यांनाही एक वाक्य सांगता आलं असतं.

"आमच्या मॅडम अकाउंटंट आहेत," मी म्हणाले. "त्या सही करू शकतात. पासपोर्ट आणलाय ना? मी आत घेऊन जाते तुम्हाला. आधी एक पत्र लिहा." आणि कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"कसलं पत्र?"

"मी तुमच्याकडे नऊ वर्षं नोकरीला होते, पगारातून कपात होत होती आणि आधीचं पत्र चुकीचं होतं, असं."

त्यांनी पेन मागे सरकवलं. "हे ब्लॅकमेल आहे."

"हो."

"घरच्या माणसाला असं करतात?"

"घरच्यालाच करता येतं, भाऊजी. बाहेरच्या माणसाने पहिल्याच शुक्रवारी पावती मागितली असती."

"दंड लागेल मला."

"लागेलही," मी म्हणाले. मला खात्रीने माहीत नव्हतं, आणि माहिती काढायचीही नव्हती.

ते उठून जाऊ शकले असते. दारातून सरळ समोर बघितलं असतं तर बँक होती. पण बाहेरच्या माणसासमोर कागद ठेवणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नाही. त्यांचे सगळे कागद घरच्यांनी घरच्याघरी निस्तरले होते. त्यांनी पेन उचललं. तेच उभट अक्षर. पहिल्या कागदावर त्यांनी लिहिलं की मी मदत करत होते. मी कागद घेतला, घडी घातली, टोपलीत टाकला, दुसरा दिला. दुसऱ्यावर लिहिलं, 'कधीकधी काम'. तिसरा दिला.

"आठवड्याचे किती दिवस, भाऊजी?"

"सहा," ते म्हणाले. आणि तसं लिहिलं. खाली सही केली. मी नाव, पत्ता, सगळं तपासलं आणि पत्र माझ्या पर्समध्ये ठेवलं, फाइलमध्ये नाही.

मॅडमनी पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला, दोन मिनिटांत सही केली. "हॅपी टू हेल्प, अंकल," म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी ठरलेली फी सांगितली. त्यांनी पैसे दिले आणि वळले.

"थांबा," मी म्हणाले. "पावती घ्या."

त्यांनी घेतली. हात पुढे करून, माझ्याकडे न बघता.

"आणि टॅक्स रिटर्नचं बघायला परत या. त्याला वेगळा नंबर लागेल."

मुलीला रात्रीच्या जेवणावर सांगितलं. ती काटा खाली ठेवून म्हणाली, "आई, यू आर स्केअरी. ही इज एटी. सोडून दे ना आता."

"सोडून दिलं असतं," मी म्हणाले. "त्यांनी 'मदत' लिहिलं नसतं तर."

पत्र आणि तीन पाकिटं मी रजिस्टरने पाठवली. उन्हाळ्यात उत्तर आलं. नऊ वर्षं माझ्या नावावर लागली. मी कागद आधी पालथा करून वाचला, मग सुलटा. मग कपाटातून पदवीचा कागद काढला आणि डॉलर स्टोअरमधून फ्रेम आणून लावला. त्यांनीच सांगितलं होतं.

मन शांत झालं का, असं मला मंडळातल्या एका मैत्रिणीने विचारलं. झालं नाही. त्यांची पेन्शन सुरू झाली, मधले थांबलेले महिनेही एकदम मिळाले. माझ्या पाठीचा शेक मात्र अजून चालू आहे. रिटर्न दुरुस्त करायला ते आले तेव्हा मी त्यांचं काम चोख केलं, एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, आणि पावणेतीन तास बसवलं.

पुढचा हयातीचा फॉर्म एक ना एक दिवस येईलच. दिवाळीला त्यांचा फोन आला होता. शुभेच्छा झाल्या. मग जरा घुटमळून म्हणाले, "पुढच्या वेळीही सहीला तुमच्या मॅडमच लागतील ना गं?"

यादी त्यांच्याच घरात, त्यांच्याच फायलीत, जुन्या फॉर्मच्या मागे छापलेली आहे. डॉक्टर चालतो, शिक्षक चालतो, समोरची बँक चालते. नुसता कागद उलटायचा.

"हो, भाऊजी," मी म्हणाले. "लवकर या. नंबर घ्यावा लागतो."